वाळ्याचे तराफे आणि काकांचा युरिया

साठलेल्या पाण्यावर शेवाळ धरतं आणि त्याच्या काठावर किस्से! आंबेनळी घाटाच्या वाटेवरची आमची वाडी. दिल्लीत पाण्याचं शास्त्र शिकून परतले, तेव्हा वाडीचा तलाव हिरवागार होता. म्हशीसुद्धा तोंड लावत नव्हत्या.

सरपंचांनी मोरचुदाचं पोतं आणून ठेवलेलं. "टाकलं की शेवाळ खलास!"

"मासेही खलास, सरपंच! आणि शेवाळ पुन्हा येईल."

गोठ्यातलं, शेतातलं खत पाण्यात उतरतं, त्यावर शेवाळ पोसतं. वाळ्याची मुळं तेच खत ओढून घेतात. म्हणून बांबूच्या तराफ्यांवर वाळा लावून तलावात सोडू म्हटलं.

"शिमग्यापर्यंत बघू," सरपंच म्हणाले. " मुंबईकर यायच्या आत पाणी साफ नाय झालं, तर पोतं फोडणार!"

*

पाणी किती नितळ, ते पाहायला काळी-पांढरी थाळी दोरीनं पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. पहिल्या दिवशी थाळी वीतभरातच गायब!

आठवड्याभरात थाळी खरोखरच गायब झाली. सापडली शेजारच्या काकूंच्या दुधावर. "झाकण झकास हाय गो! अजून एक हाय काय?"

*

तराफे बांधायला धोंडूकाका आले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा कोयता तलावावरून नाहीसा झाला होता, तेव्हापासून सरपंचांशी बोलणं बंद. सरपंच समोर उभे असले तरी निरोप माझ्याकडे!

"सांग त्याला, बांबू तोडायला कोयता लागतो. माझा यानंच नेलाय!"

*

माघात वाळा पिवळा पडू लागला. मी खूश! पाण्यातलं खत संपत आलं होतं. आठवडाभर महाडला राहून आले, तर वाळा हिरवाकंच. आणि पाणीही!

"रोपं उपाशी वाटली गो," धोंडूकाका म्हणाले. "मूठ मूठ युरिया टाकला."

तोच युरिया शेवाळानंही खाल्ला होता! शिमगा महिन्यावर आला होता.

*

आता उपाय एकच: वाढलेला पाला कापून तलावाबाहेर न्यायचा, म्हणजे त्यासोबत खतही जातं. काका उसन्या विळ्यानं रोज कापत होते, बायका भारे वाहत होत्या.

"काका, दोन घास खा तरी."

"युरिया मी टाकला. मीच काढणार."

*

होळीच्या आदल्या दिवशी सरपंच पोतं घेऊन बांधावर आले. चाकू उघडला. पाण्याकडे बघायचा मला धीर होईना.

इतक्यात तराफ्यावरून काका ओरडले, "आयला! माझा कोयता!"

सगळे वाकले. पुरुषभर पाण्याखाली, तळाशी, गंजलेला कोयता मुठीसकट दिसत होता.

काकांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," दोन वर्षांनी ते सरपंचांशी बोलले, आणि कोयता काढायला सदरा उतरवू लागले.

सरपंचांनी तळाच्या कोयत्याकडे बघितलं. मग त्यांनी चाकू मिटला.

"राहू दे तिथंच, धोंडू. दिसायचा बंद झाला, की पहिलं मला सांग!"