कॉम्प्युटरची खोळ

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार एरंडोलच्या टेलर चाचांचे आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. चाचांच्या दुकानात एका बाजूला शिलाई मशीन आणि दुसऱ्या बाजूला ऑनलाइन फॉर्म भरायचा कॉम्प्युटर. धुळ्याच्या कॉलेजचा माझा फॉर्म त्यांनीच भरला. पुढे प्रत्येक सुट्टीत त्यांनी मला त्या कॉम्प्युटरवर बसू दिलं. आज मी जळगावला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, ते त्या बसण्यामुळे.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मीच हौसेने त्यांचा कॉम्प्युटर उघडला. प्रोसेसरवरचा पंखा काढून साफ केला. खाली पांढरी पेस्ट वाळलेली होती. प्रोसेसरची उष्णता त्या पेस्टमधूनच वरच्या धातूच्या ठोकळ्यात जाते. ती मी पुसून टाकली. पेस्टची नवी ट्यूब जवळ नव्हती. पेस्टशिवाय पंखा बसवायचा नाही, हे लॅबच्या मुलांना मी दरवर्षी बजावतो. पण घरी भरीत-भाकरी तयार होती, दोनदा फोन येऊन गेला होता. कोरडाच बसवला. पुढच्या वेळी लावू, म्हटलं, आणि विसरलो.

थंडीत निभावलं. मग उन्हाळा आला, फॉर्मची गर्दी सुरू झाली, आणि चाचांचा फोन आला, "बेटा, चालता चालता बंद पडतो रे."

रविवारी गेलो. दुकान भरलेलं. कॉम्प्युटरवर चाचांनी शिवलेली खोळ होती, माझ्या कॉलेजच्या पॅन्टच्या उरलेल्या कापडाची. आत काही न बघताच मी सर्वांदेखत बोललो, "चाचा, यंत्राला गोधडी पांघरवल्यावर तापणार नाही तर काय?"

एक गिऱ्हाईक म्हणालं, "चाचा, याले बी थंडी वाजस का?"

सगळे हसले. चाचाही हसले. खोळ काढत म्हणाले, "कापडाचा तंतू आत जातो म्हणून घालतो. चालू करताना काढतोच मी." मग हळूच म्हणाले, "एखाद्या दिवशी विसरलो असेन."

मी झाकण उघडलं, पंखा उचलला. खाली कोरडं. लॅबमधून आणलेल्या सामानात पेस्टची ट्यूब होती. पेस्ट लावली, पंखा बसवला. तासभर चालवून पाहिलं, तापमान चढलं नाही.

"बघ, खोळ काढली आणि बरा झाला," चाचा म्हणाले. मग गिऱ्हाईक पांगल्यावर त्यांनी सांगितलं, "मागच्या गल्लीतली एक पोर नर्सिंगच्या फॉर्मला आली होती. शेवटचा दिवस. तीनदा बंद पडला, मुदत निघून गेली. तिच्या घरी जाऊन माफी मागून आलो. माझ्या अडाणीपणाने तिचं वर्ष गेलं."

मी चहा प्यायलो आणि बसने जळगावला परतलो.

नंतर दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तब्येत विचारून ठेवून दिला. शेवटी कागद घेतला. ते पत्र असं:

'चाचा, सलाम.

कॉम्प्युटर खोळीमुळे तापत नव्हता. दिवाळीत मी प्रोसेसरवरची पेस्ट पुसली आणि नवी लावली नाही. चूक माझी होती. रविवारी आत न बघताच मी चारचौघांत तुमचं हसं केलं, आणि पंखा उचलताच खरं कळलं तरी गप्प राहिलो. तुम्ही काही विसरला नव्हता.

खोळ पुन्हा वापरा. रोज काढता तशी काढा, घालता तशी घाला.

त्या मुलीच्या घरी तुम्ही मागितलेली माफी माझी होती. येत्या रविवारी मी येतो. पुढच्या वर्षीचा तिचा फॉर्म मी स्वतः बसून भरीन, पण आधी तिच्या वडिलांना खरं सांगीन. तुम्ही सोबत येऊ नका. फक्त घर कोणतं ते दाखवा.'