सुंडलाचे सहआरोपी

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या भजन मंडळात शनिवारचा प्रसाद, म्हणजे सुंडल, हरभऱ्याची कोरडी उसळ, एकच बाई करायची. विधवा, सडेतोड, आवाज खणखणीत. तिला एचआयव्ही आहे हे तिनंच मला आणि मंडळ चालवणाऱ्या बुवांना सांगितलं होतं. औषधं नियमित चालू होती.

मंडळाच्या सेक्रेटरींना ते कुठून तरी कळलं. मी वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होते, म्हणून ते थेट माझ्या घरी आले.

"अक्का, पोलिसांत तक्रार द्यायचीय. रोग लपवून लोकांना खायला घालणं गुन्हा आहे. इंग्रजीत नीट टाइप करून द्या."

"जेवणातून तो पसरत नाही, अण्णा."

"ते पोलीस बघतील."

मी त्यांना कॉफी पाजली आणि ते जिना उतरताच बुवांना फोन लावला. ऐंशीचे बुवा म्हणाले, "टाइप कर. मी सांगतो तसं. पण आधी तिला विचारू."

ती म्हणाली, "वाचा सगळ्यांसमोर. लपवून लपवून कंटाळले."

शनिवारी भजन संपल्यावर बुवांनी चष्मा लावला आणि माझा कागद वाचला. "या बाईंना एचआयव्ही आहे. त्यांनी सहा वर्षं आम्हाला सुंडल वाढलं आणि आम्ही ते मिटक्या मारत खाल्लं. हा गुन्हा असेल तर आम्हीही त्यात सामील आहोत. पहिले सहआरोपी सेक्रेटरी, जे दर शनिवारी घरी डबाही नेतात."

 आधी सेक्रेटरींची बायकोच खुदकन हसली आणि मग सगळं सभागृह हसत सुटलं. दोघी जणी मात्र उठून गेल्या. एका मास्तरांनी भीत भीत प्रश्न विचारले. बाईनं उभं राहून एकेकाचं उत्तर दिलं. मग त्या कागदावर सहआरोपी म्हणून सह्या झाल्या.

"ही थट्टा आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमच्या तक्रारीबद्दल ऐकून मलाही तसंच वाटलं होतं," बुवा म्हणाले.

तक्रार गेली नाही. सेक्रेटरी महिनाभर फिरकले नाहीत. बायको मात्र न चुकता यायची.

बुवांना आता चेव चढला. शेजारच्या चर्चचे पाद्री आणि दर्ग्याचे मौलवी यांना घेऊन ते पोलीस स्टेशनात गेले. मीही गेले. इन्स्पेक्टरनं तिघांकडे बघून वही उघडली. "तक्रार कोणाची?"

"कोणाचीच नाही," बुवा म्हणाले. "आजारी माणसाला गुन्हेगार ठरवणारी तक्रार कोणी आणली तर घेऊ नका आणि त्याला आमच्याकडे पाठवा, एवढंच सांगायला आलोय."

त्यानं वही मिटली, खुर्च्या मागवल्या आणि तासभर ऐकून घेतलं.