रांगेतला शेवटचा दगड

आमच्या मामाला सगळं गाव कर्नल म्हणायचं. सैन्यात तो एक दिवसही नव्हता. तरुणपणी भरतीला गेला, तर तळपाय सपाट निघाले म्हणून दारातूनच परत पाठवलं. मग त्याच सपाट पायांनी तो जन्मभर सैनिकांच्या डोक्यावरून चालला. गावच्या दफनभूमीत युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी एक राखीव तुकडा आहे, तिथला तो माळी.

बाकीच्या दफनभूमीत गवत कमरेएवढं, आणि थडगी गप्पा मारायला बसल्यासारखी एकमेकांवर रेललेली. झुडपांचं कुंपण ओलांडलं की मात्र कडक शिस्त. सारख्या उंचीचे पांढरे दगड. काहींवर नाव, आणि ज्यांची ओळखच पटली नाही त्यांचे कोरे. मामा रांगेला दोरी लावायचा, पोटावर आडवा व्हायचा, एक डोळा मिटायचा आणि गवताचं एखादं पातं डोकं वर काढताना दिसलं की खेकसायचा, "ए, रांगेत!"

मामी म्हणायची, "तिथं झोपलेल्यांची रोज हजामत, आणि इथं माझ्या अंगणात हत्ती शिरला तरी दिसायचा नाही."

निवृत्ती जवळ आली तशी मामाला एकच आस लागली. मेल्यावर आपल्याला त्या रांगेत जागा हवी. देखरेखीच्या साहेबांना त्यानं विचारलंही.

"अहो, त्यासाठी लढाईत मरावं लागतं," साहेब म्हणाले.

"आता या वयात लढाई कुठून आणू?"

"मग कुंपणाबाहेर बघा."

मामानं बघितलं. रांग जिथं संपते त्याच्या बरोबर समोर, कुंपणाला लागून जागा घेतली आणि मरायच्या आधीच दगड उभा केला. पांढरा, कोरा, तेवढाच उंच, दोरीत. पुढं नेमकं तिथल्याच कुंपणाला काहीतरी रोग झाला आणि मामाला ते नाइलाजानं घोट्याएवढं छाटावं लागलं.

स्मृतिदिनाला एक म्हातारे जनरल आले. प्रत्येक दगडापाशी वाकून फूल ठेवायचं, सलाम करायचा, पुढं सरकायचं. मान खाली, चाल सरळ. रांग संपली, जनरल संपले नाहीत. घोट्याएवढं कुंपण ओलांडून त्यांनी मामाच्या दगडापाशी फूल ठेवलं आणि कडक सलाम ठोकला. शेजारीच हातात कात्री घेऊन प्रत्यक्ष मयत उभे होते. त्यांनी छाती पुढं काढली, सपाट पाय जुळवले आणि डोळे गळू दिले.

पाहुणे गेल्यावर साहेब लालबुंद होऊन आले. "उद्याच्या उद्या हा दगड उखडा!"

"उखडतो की, साहेब. फक्त जनरलसाहेबांनी सलाम केलेला दगड उखडा, एवढं लिहून द्या."

साहेबांनी खिशातलं पेन चाचपलं, ते जागेवर असल्याची खात्री केली आणि घरी गेले. दगड अजून तिथंच आहे.

मामानं घरी येऊन सगळं सांगितलं. मामीनं ऐकून घेतलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता लगेच जाऊन आडवे होऊ नका. आधी माझं अंगण साफ करा."

कर्नल मुकाट्यानं विळा घेऊन बाहेर गेले. थोड्या वेळानं अंगणातून आवाज आला, "ए, रांगेत!"