बुवांचा पहिला टेक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीतल्या आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत मालकांनी कॉम्प्युटर आणला, तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "मला ही थेरं नकोत." वीस वर्षं टेपवर काढलेली. ब्लेडनं टेप कापायची, चिकटपट्टीनं जोडायची, आणि जोड ऐकू आला तर नाव बदलून टाकीन म्हणायचं! त्या टेपांचा आंबूस वास अजून नाकात आहे. पडद्यावरचे आवाजाचे हिरवे डोंगर बघून मला रडू यायचं, खोटं कशाला सांगू? तरी पंधरा दिवस मालकांच्या शिव्या खात शिकलो.

पहिलंच काम आलं ते पलूसच्या एका भजनी बुवांचं. गळ्यात गाठ, सोमवारी मिरजेत ऑपरेशन. "आवाज ऱ्हातोय का जातोय, देवाला ठावं," ते म्हणाले. "त्याआदी एक अभंग धरून ठिवा. मोकळ्या गळ्यानं म्हनतो."

बुवा गायले. अहाहा, काय लागला होता आवाज! आणि मी काय केलं? जित्याची खोड! टेपवर मीटरचा काटा जरा लाल पट्टीत ढकलला की आवाजाला अंग यायचं, तसंच इथंही ढकललं. कॉम्प्युटरला ते चालत नाही. लालच्या पुढचा आवाज तो सरळ छाटून टाकतो. ऐकायला लावलं तर प्रत्येक वरच्या सुरावर फुटाणे फुटल्यासारखी करकर.

"आवं, डागदरच्या आदी तुमीच गळा फाडला की माजा!" बुवा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोटभर पाणी पिऊन ते परत गायले. या खेपेला स्वच्छ उतरलं. ते गेल्याबरोबर मी पहिला टेक पुसून टाकला, मालकांना कळायला नको म्हणून. टेप असती तर वर 'खराब' लिहून कपाटात टाकली असती. खराब टेपा आम्ही कधी फेकल्या नाहीत.

दोन महिन्यांनी बुवा आले. गाठ गेली होती, आवाजही गेला होता. नुसती कुजबुज उरली होती. मी त्यांच्या कानाला हेडफोन देऊन दुसरा टेक लावला. त्यांनी हातानं थांबवलं.

"ह्यो न्हाई. ह्यात मी भ्यालोय, गळा जपून म्हनलंय. पयला लावा."

"त्यात करकर आहे, बुवा."

"आसू द्या की. सगळा गळा सोडलाय त्यात."

आता सांगणं भाग होतं. "पुसला, बुवा. मीच पुसला."

बुवांनी हेडफोन कानावर नीट बसवला.

"मंग लावा ह्योच," ते कुजबुजले. "आता ह्योच माजा."