आईची हनुवटी

ज्या सकाळी मी गाव सोडलं, त्या सकाळी आईनं माझ्या तोंडाला ओढणी इतकी घट्ट बांधली की मला नीट श्वास घेता येईना. नेकनूरच्या फाट्यावर बीडची एसटी यायची होती. अण्णा माझी पत्र्याची पेटी पायाशी ठेवून रस्त्याकडं बघत उभे होते. फाट्यावरच्या सगळ्याच पोरींनी उन्हाधुळीपायी तोंडं बांधली होती, त्यामुळं माझ्याकडं कुणी वळून बघितलं नाही. आई कानाशी वाकून म्हणाली, "पुण्याला जाईपस्तोर सोडू नकू. आन् तिथं बी कुनाच्या म्होरं त्याला हात लावू नकू." 'त्याला' म्हणजे माझ्या हनुवटीला. त्या जागेचं नाव ती घेत नसे.

सरळच सांगते. मला दाढी येते. नववी-दहावीत असताना हनुवटीखाली आणि गळ्यावर काळे, राठ केस यायला लागले. आईच्या नजरेला पडले त्या दिवशी तिनं मला गोठ्यामागं नेलं, बोटांना चुलीतली राख लावली आणि एकेक केस उपटून काढला. राखेनं केस चिमटीतून निसटत नाही. मी रडायला लागले तर म्हणाली, "गप. आपल्याआपल्यात ऱ्हाऊ दे." तेव्हापासून दर आठवड्याला गोठ्यामागं जाणं ठरूनच गेलं.

उपटलेला केस पुन्हा उगवताना बाहेर यायच्या ऐवजी कातडीच्या आतच वळायचा. तिथं गाठ यायची, पिकायची, रात्रभर ठणकायची. आई त्याला केसतूड म्हणायची, हळद दाबायची आणि गाठ बसली की पुन्हा उपटायची. माझी कातडी मुळातच नाजूक, नव्या साबणानंसुद्धा लाल होणारी. वर्षभरात हनुवटीवर काळ्या डागांची जाळी झाली.

मी बारावीत असताना सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. अण्णा गावच्या सहकारी दूध सोसायटीचे सचिव होते. दूध मोजून घ्यायचं, फॅट बघायची, कॅन टेम्पोत चढवायचे, हे त्यांचं जगणं. जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं आणि सोसायटीच्या दाराला कुलूप लागलं. तरी अण्णा सकाळी उठून तिथवर जायचे, पायरीवर बसून परत यायचे. पाण्याचा टँकर येईल तेव्हा येईल. पिण्याचे दोन हंडे बाजूला काढले की बाकी सगळ्या घराला बादली पुरवायची. उपटून झाल्यावर तोंड धुवायला मला वाटीभर पाणी मिळायचं, आणि कधी तेही नाही. त्या वर्षी गाठी बऱ्याच झाल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्यात तेलगावकडचे लोक मला बघायला आले. मुलगा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. मुलाच्या आत्यानं माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली.

"हे कशाचं हाय गं?"

"उष्णतेचं हाय," आई मधेच म्हणाली. "उन्हाळ्यात उठतंय तिला."

त्या बाईचा अंगठा तरी फिरत राहिला. खुंट लागलेच असणार. चहा पिऊन लोक गेले. मध्यस्थानं दोन-चार दिवसांनी आईला एकटीला गाठून निरोप दिला, "पोरगी चांगली हाय ओ, पन त्यास्नी बाईच करायची हाय घरात." मी आतल्या खोलीत होते. आईनं अण्णांना एवढंच सांगितलं की जमत न्हाई म्हनले. आणि त्याच दमात म्हणाली, "हिला नर्सचं शिकू द्या. आता कुनाला बोलवू नका." दुष्काळात घरातलं एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून ती असं म्हणतेय, असं अण्णांना वाटलं. तिनं तसं वाटू दिलं.

पुण्यात होस्टेलवर माझ्या खोलीत परळीची पंचशीला होती. तिचे वडील वीज केंद्रावर राखेच्या गाड्या भरायचे. "आमच्या घरी भाकरीवर बी राख असती," ती म्हणायची. मी महिनाभर तिच्याआधी उठून बाथरूममध्ये चिमट्यानं केस उपटत होते. एकदा दाराची फट राहिली. ती आत आली तेव्हा माझ्या गळ्यावरून रक्त ओघळत होतं. मी चिमटा मुठीत लपवला. तिनं माझी मूठ उघडून चिमटा काढून घेतला.

"कावून उपटतीस बे?" ती म्हणाली. मुलींनाही ती बे म्हणायची. "भादर की. आपन वॉर्डात रोज मानसं भादरतोय."

खरंच होतं. ऑपरेशनच्या आधी रुग्णाचं पोट, मांडी, छाती आम्हीच साफ करायचो. पण ते हत्यार स्वतःच्या तोंडाला लावणं म्हणजे मध्यस्थाचं बोलणं खरं करणं. मी आठवडाभर टाळलं. मग एका रविवारी दोन पात्यांचा प्लॅस्टिकचा रेझर आणून कोरड्याच तोंडावर, खालून वर, जोर देऊन फिरवला. हात फिरवून बघितलं तर गुळगुळीत. मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी सगळा गळा उठला. कातडीच्या खाली कापलेले केस आतल्या आत वाढत होते. गावाकडं कधी आल्या नव्हत्या इतक्या गाठी आल्या. वॉर्डच्या सिस्टरनं मास्क काढायला लावला आणि रुग्णांना संसर्ग होईल म्हणून मला ड्यूटीवरून परत पाठवलं. असंच चाललं तर कोर्स सोडावा लागेल, असंही म्हणाल्या.

पंचशीलानं मला हाताला धरून कातडीच्या ओपीडीत नेलं. तिथल्या डॉक्टर बाई वयानं मोठ्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी सुईच्या टोकानं एक आत वळलेला केस उचलून दाखवला. तपासण्या लिहून दिल्या, हार्मोनच्या गोळ्या दिल्या. "गोळ्यांनी थोडे कमी होतील, जाणार नाहीत. उपटणं बंद. गाठी बसेपर्यंत काही करायचं नाही. मग एकाच पात्याचा रेझर, भरपूर गरम पाणी, आणि केस ज्या दिशेनं झुकलाय त्याच दिशेनं. गुळगुळीत व्हायला बघायचं नाही." लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "आईला आहे का असं?"

"नाही," मी म्हणाले. मला तसंच वाटत होतं.

दुकानदारानं स्टीलचा रेझर, ब्रश आणि साबणाची वडी काढून देत विचारलं, "वडलांना का?" मी मान हलवली. पहिल्यांदा बोटांनी चाचपून बघितलं तेव्हा कळलं की माझ्या गळ्यावरचे केस वर झुकतात, हनुवटीवरचे डावीकडं. इतकी वर्षं उपटले, पण ते कुठं चाललेत हे कधी बघितलं नव्हतं. गरम पाण्यात बुडवलेला टॉवेल तोंडावर धरून बसायचं, ब्रशनं फेस मुरवायचा, कातडी न ताणता रेझर आपल्याच वजनानं जाऊ द्यायचा, मग गार पाणी आणि तुरटी. नळ सोडला की वाफाळतं पाणी यायचं. सुरुवातीला ते बघून मला कसंतरीच व्हायचं. एका दाढीला मी जेवढं पाणी सांडत होते तेवढ्यात आमच्याकडं दोघांच्या आंघोळी होत होत्या. म्हणून मग मी मग्यात पाणी घ्यायला लागले. गाठी हळूहळू बसल्या. डाग राहिले, ते अजून आहेत.

मी नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी अण्णांचा फोन आला. आईच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय गेला. मी पोचले तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून, डाव्या हातानं पदर नाकापर्यंत ओढून पडली होती. वहिनी, माझ्या भावाची बायको, रडकुंडीला आलेली; सासूला ती आत्या म्हणायची. "ताई, आत्या तोंड उघडंच करंनात. जेवू घालायला गेलं की पदर धरून ठिवत्यात. औषध तरी कसं द्यावं?"

वहिनी भाकरी करायला गेली तेव्हा मी पदराला हात लावला. आईनं जोर केला, पण एका हाताचा जोर तो किती. पदराखाली हनुवटीभर पांढरे-काळे केस होते. त्यांच्यामध्ये डाग होते, माझ्यासारखेच, फक्त फार जुने, आणि दोन पिकलेल्या गाठी. ज्या हातानं ती जन्मभर राख लावून उपटत आली, तो हात आता अंथरुणावर पालथा पडला होता.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंड वाकडं झालं होतं, शब्द अर्धेच यायचे. "तुज्या अण्णाला... ठावं न्हाई," ती म्हणाली.

माझी पिशवी सोबतच होती. चुलीवरून तांब्याभर पाणी आणलं, फडकं शेकून तिच्या हनुवटीवर ठेवलं. रेझर बघून तिनं मान फिरवली. "न्हाई. बाप्यावानी... राठ येतील."

"न्हाई येत. मी रोज करते, आई. हात लावून बघ."

तिनं डाव्या हाताची बोटं माझ्या हनुवटीवरून फिरवली. बराच वेळ. मग डोळे मिटून तोंड वर केलं. केस कुठं झुकतात ते मी चाचपलं. हनुवटीवर डावीकडं. गाठींना वळसा घालत, सावकाश, एकेक पट्टी काढली. तुरटी लावली तेव्हा म्हणाली, "गार लागतंय." त्या दुपारी ती पदर न घेता जेवली.

मला परत ड्यूटीवर जायचं होतं. "वहिनीला शिकवून जाते," मी म्हणाले. तिनं माझं मनगट धरलं. "सांगितलंस तर... माजं मेलं तोंड बघशील."

तिनं शपथ घातली म्हणून मी वहिनीला सांगितलं नाही. सुटी मिळेल तशी जात राहिले. दर वेळी घरी पोचावं तर पदर नाकापर्यंत आलेला आणि आई आणखी वाळलेली. दोन-दोन घास, तेही पदराआडून. पुण्याला चल म्हटलं तर मान हलवायची. पावसाळा कोरडाच चालला होता तेव्हा ती गेली. मी पोचेपर्यंत भावकीतल्या बायांनी तिला आंघोळ घालून, कुंकू लावून अंगणात ठेवलं होतं. पदर डोक्यावर नीट घेतलेला होता, तोंड उघडं. सगळी आळी येऊन बघत होती. माझ्यामागं कुणीतरी हळूच म्हणालं, "बाईनं कवा कळू दिलं न्हाई बगा." अण्णा खांबाला टेकून आईच्या चेहऱ्याकडं बघत होते.

पुढं काही महिन्यांनी अण्णा माझ्याकडं राहायला आले. सोसायटीचं कुलूप निघालं नव्हतं, गोठा रिकामा होता. एका सकाळी मी दाढी करत असताना ते चहाचा कप घेऊन बाथरूमच्या दारात आले. मी इथं दार लावत नाही. त्यांनी फेस बघितला, रेझर बघितला.

"तिला बी हेच हुतं," ते म्हणाले.

"हो."

"मला कावून सांगितलं न्हाई तिनं? म्या काय केलं असतं?"

ते खरंच विचारत होते. मी रेझर मग्यात बुडवला. चहा गार होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले, मग कप ठेवून गॅलरीत गेले.

गावाकडं राहिलेल्या आणि गाव सोडून आलेल्या बायांनो, तुमच्यातही कुणी असेल म्हणून हे लिहिलं. घर कोणतं, असं मला आता कुणी विचारलं तर मी पुण्याचाच पत्ता सांगते. तिथं आरशासमोर उभं राहायला मला कुणाच्या आधी उठावं लागत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात गावी गेले, दुपारी मग्यात पाणी घेऊन न्हाणीत शिरले, आणि हाताला आपोआप कडी सापडली. फेस लावून झाला तोच वहिनीनं बाहेरून हाक मारली, "ताई, आत काय करताव?"

"तोंड धुतेय," मी म्हणाले.

"पानी जपून घ्या," ती म्हणाली. "टँकर परवा येनार हाय."