जित्या दिराचं सुतक

दिंडोशीच्या म्हाडा वसाहतीत मालन राहते. बाई तशी खोटं बोलणारी नव्हे. भाजीवाल्याने चुकून कोथिंबिरीची जुडी जास्त टाकली तर जिना उतरून परत देऊन येईल. पण महिन्यातून एकदा तिच्या तोंडून खोटं निघायचंच, आणि तेही फोनवर, लेकीच्या शेठला.

लेक म्हणजे दिशा. बोरिवलीला साड्यांच्या दुकानात उभी असते. उभी म्हणजे उभीच. गिऱ्हाईक असो नसो, पोरींनी टेकायचं नाही, असा राजाराम शेठचा कायदा. ढीगभर साड्या उलगडायच्या, बाई "नंतर येते हां" बोलून सटकली की परत सगळ्या घड्या घालायच्या. दिशाला त्याचं काही नव्हतं. तिने साडीचा पदर झटकून पसरला की उठलेलं गिऱ्हाईक परत बसायचं. पण पाळीचा पहिला दिवस आला की पोरीची वाट लागायची. ओल्या कपड्याला पिळा घालावा तसं ओटीपोट पिळवटायचं. मांड्या भरून यायच्या, उलट्या व्हायच्या, मोरीच्या कठड्याला डोकं टेकून बसायची.

मग मालन फोन लावायची. "शेठ, दिशाला ताप आलाय हो." पुढच्या महिन्यात पोट बिघडलं. त्याच्या पुढे पाय मुरगळला. परक्या बाप्याला पाळीचं कसं सांगायचं? नवऱ्यासमोरसुद्धा तो शब्द तिने कधी काढला नव्हता. "बाजूला आहे" एवढंच, आणि तेही भिंतीकडे बघून.

दिशा कण्हत कण्हत बोलायची, "आई, खरं सांगून टाक ना, यार."

"आईला यार म्हणते! गप पड तू."

शेवटी शेठ उखडला. "ताप काय कॅलेंडर बघून येतो का हिला?"

आता नेमकं त्याच दिवसांत अंधेरीला नवीन दुकान निघत होतं. तिथला काउंटर दिशाला द्यायचं शेठच्या मनात होतं. पगार वाढणार, नोकरी पक्की, आणि मुख्य म्हणजे बसायला खुर्ची. पोरीला पगारापेक्षा खुर्चीचाच आनंद. आणि त्या दुकानाच्या पूजेच्या आठवड्यातच पाळी आली.

मालन डोकं लढवायला लागली. तापाला शेठ भुलणार नाही. कोणी उलट विचारणारच नाही असं काहीतरी पाहिजे. फोन उचलला आणि बोलून गेली, "शेठ, आमचे दशरथ भाऊजी गेले हो गावी. दिशाचे चुलतकाका."

दशरथ भाऊजी त्या घटकेला देवगडात ओटीवर बसून पेज ओरपत असतील. शेठ हळहळला. "अरेरे. वय काय होतं?"

"झालं होतं तसं वय," मालन बोलली. मनात देवाची माफी मागितली.

संध्याकाळी शेठचा उलटा फोन. "वहिनी, मीपण तिकडचाच, कणकवलीचा आहे. भावकीतलं सुतक म्हणजे दहा दिवस. रविवारी सत्यनारायण आहे, तर पोरीला पाठवू नका. अंधेरीला इथल्या दुकानातल्या प्रांजलला बसवतो. पहिल्या दिवसापासून कोणीतरी पाहिजेच ना."

मालनने फोन ठेवला. आता काय, भाऊजी जिवंत झाले म्हणून सांगायचं?

दिशा रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती, तशीच बोलली, "माणूस मेला म्हणून सांगता येतं तुला. माझं दुखतं ते नाही सांगता येत."



दुसऱ्या दिवशी मालन स्वतःच उठली आणि पोरीला घेऊन पालिकेच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईने नीट विचारपूस केली. सकाळी खाऊन निघतेस का? नाही, नुसता चहा. झोप? मोबाइल बघत बारा वाजतात. पाळी कधी सुरू झाली? पाचवीत. दिवसभर उभी? कामाची धास्ती? मग मालनकडे वळून बोलली, "आईला होतं का असं?"

"छे, नाही हो," मालनच्या तोंडून सवयीने आलं. दिशा तिच्याकडे बघत राहिली. मालनला सासूची खोली आठवली. दहा बाय दहात बाजूला बसायला जागा नाही म्हणून ती स्वतः गॅलरीत पोतं टाकून बसायची. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरायची.

"व्हायचं," ती बोलली. "फार व्हायचं."

"बरेचदा आईचं लेकीत येतं," डॉक्टरीण बोलली. "त्यात रिकामं पोट, अपुरी झोप, मनाची धास्ती, यांनी भर पडते. तिची काही चूक नाही. दुखायला लागल्या लागल्या, खाऊन, ही गोळी घ्यायची. पार लोळायची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही. गरम पाण्याची पिशवी ठेव, एरवी थोडं चालत जा. तरी दुखणं वाढत गेलं तर सोनोग्राफी करू."

"लग्न झालं की थांबतं म्हणतात," मालन पुटपुटली.

"तुमचं थांबलं?"

"ही झाल्यावर जरा कमी झालं."

"मग तोपर्यंत हिने असंच लोळत काढायचं का, मावशी?"

मालनने गोळ्यांची चिठ्ठी घेतली. दिशाला घरी सोडलं आणि एकटीच बोरिवलीला गेली.

दुकानात पोरी घड्या घालत होत्या. शेठने तिला बघून चेहरा पाडला. "या वहिनी. वाईट झालं."

"शेठ, दशरथ भाऊजी जिते आहेत."

"काय?"

"मीच मारले. ताप, पाय, सगळं मीच रचलं. पोरीला पाळीत फार दुखतं. पहिल्या दिवशी उभं राहवत नाही. आमच्या घरात सुतक-बितक काही नाही."

पोरींचे हात थांबले. शेठ इकडे तिकडे बघायला लागला. "वहिनी, हे असं दुकानात…"

"मग कुठे बोलू? घरात बोलले नाही, बाहेर बोलले नाही, म्हणून तर धडधाकट दीर मारायला लागला!"

मागून कोणीतरी फिस्कन हसलं. शेठ रागावल्यासारखा बोलला, "प्रांजलला सांगून झालंय आता."

तेव्हा प्रांजल साडी खाली ठेवून पुढे आली. "शेठ, मला अंधेरी लांब पडतं. दिशालाच द्या. आणि मलापण होतं पहिल्या दिवशी. मी गोळ्या गिळून उभी राहते."

"मलापण," आणखी एक आवाज आला.

शेठने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याच्या घरात दोन लेकी होत्या. "पूजा नऊला आहे," शेवटी बोलला. "वेळेवर पाठवा. आणि त्या भाऊजींना काही सांगू नका, माणूस हाय खाईल."

पुढच्या महिन्यात पहिल्या दिवशी मालनने फोन पोरीच्या हातात दिला. "तूच बोल."

दिशाने गोळी घेतली होती, पोटावर पिशवी धरली होती. "शेठ, पाळी आलीय. दुपारी येते."

पलीकडे खाकरल्याचा आवाज.

"बरं," शेठ बोलला. "जेवून ये."

मालन पोळपाट काढायला उठली.