पाठ सतरावा

दुपारचं जेवण झालं की कमलिनीबाई डाव्या कुशीवर होतात. झोप त्यांना लागत नाही; ती उंबऱ्यापर्यंत येते, आत यावं की नको असं करत थांबते, आणि तेवढ्यात पंख्याची कटकट, गल्लीतल्या भांडीवालीची हाक, स्वयंपाकघरात ठिबकणारा नळ हे सगळं एकात एक मिसळायला लागतं. कोपऱ्यात कॉम्प्युटर आहे, त्यावर त्यांनीच क्रोशानं विणलेलं कव्हर. एरवी त्या तिकडे तोंड करून झोपतात. आज भिंतीकडे वळल्या आहेत.

सकाळी हसीनाचा फोन आला होता. हसीना मुजावर कन्याशाळेत शिकली आणि आता तिथलीच मुख्याध्यापिका आहे. शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे, आणि ती आज संध्याकाळी छापायला जायची आहे. त्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलेल्या द्वारकाबाई सबनीस म्हणजे कमलिनीबाईंची थोरली नणंद. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या, आणि भाऊ गेल्यावर या दोघींनीच बारा वर्षं एकमेकींना धरून काढली. गेल्या मार्गशीर्षात द्वारकाबाईही गेल्या. हसीनानं तिसऱ्यांदा विचारलं, की बाई शेवटी शेवटी आम्हा मुलींवर काही लिहीत होत्या म्हणे, ते मिळेल का. आणि कमलिनीबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं, की मनात फार होतं हो त्यांच्या, पण लिहून काही झालं नाही.

"मग तसंच छापते, काकू," हसीना म्हणाली. "बाईंना लिहायचं होतं, ते राहून गेलं."

"छाप," कमलिनीबाई म्हणाल्या, आणि भाजी निवडायला बसल्या.

खरं असं होतं, की द्वारकाबाईंनी एकेचाळीस पानं लिहिली होती. हात थरथरायला लागला, पेन धरवेना, म्हणून स्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासला दोघी मिळून गेल्या होत्या, एक एकाहत्तरची आणि एक सहासष्टची. जे लिहाल त्याला पाठ एक, पाठ दोन अशी नावं द्या म्हणजे सापडायला सोपं, असं घाटगे मॅडमनी शिकवलं. दोघींनी ते वेदवाक्य मानलं. घरात कॉम्प्युटर एकच, पण उघडला की पडद्यावर दोन नावं यायची, द्वारका आणि कमलिनी; जिनं तिनं आपल्या नावातून आपल्या बिऱ्हाडात जायचं. वन्सं आपल्या पाठांत मुली लिहायच्या, एका पाठात एक मुलगी. कमलिनीबाई आपल्या पाठांत लोणची, लाडू, भाजण्या; त्यांचेही पाठ एकेचाळीसच्या पुढे गेले होते.

वन्सं गेल्यावर मशीन मंदावलं. सी ड्राइव्ह, म्हणजे त्यातला एक कप्पा, भरून त्याची पट्टी लाल झाली, दुसरा कप्पा डी मात्र ओस पडलेला. क्लासच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं: फोल्डरवर उजवं बटण, मग प्रॉपर्टीज, मग लोकेशन, मग मूव्ह. मोठ्या माणसाचं आधी, म्हणून त्यांनी वन्संचं फोल्डर आधी डीवर हलवलं. नंतर आपलं हलवलं, त्याच जागी. वेगळी जागा करायची असते हे वहीत नव्हतं. कॉम्प्युटरनं विचारलं, याच नावाचे एकेचाळीस कागद इथे आधीच आहेत, त्यांच्या जागी हे ठेवू का. कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. त्यांनी वरचं, होकाराचं बटण दाबलं, आणि वन्संच्या पाठांच्या जागी लोणची-लाडू येऊन बसले.

पंख्याची कटकट आता फळ्यावरच्या खडूसारखी येते आहे.

"कमल, सरक जरा. त्या बाजूची कडी धर."

वन्सं हातभर अंतरावर उभ्या आहेत. पांढरं बारीक काठाचं लुगडं, पदर खोचलेला, चष्मा दोरीनं गळ्यात. पायाशी त्यांची हिरवी ट्रंक, झाकणावर तैलरंगात कु. द्वा. वि. सबनीस. कमलिनीबाई कडी धरतात. ट्रंक जड नाही याचंच त्यांना बरं वाटतं. दोघी जिना चढतात. जिना क्लासचा आहे, कठड्याला तोच चिकट निळा रंग, पण वर क्लास नाही. एक नवी खोली आहे, चुना मारलेली, झाडून स्वच्छ केलेली, तिला खिडकी नाही.

"रिकाम्या घरात आधी काय न्यायचं?" वन्सं विचारतात, वर्गात विचारायच्या तशा.

"देव."

"मग?"

"मग मोठ्यांचं सामान."

"एवढं मात्र पक्कं पाठ आहे तुझं," वन्सं म्हणतात आणि ट्रंक खाली ठेवतात. ट्रंकेला सुतळी आहे. तिची गाठ त्या दोनदा ओढून बघतात. वन्संची निरगाठ कधी कोणाला सुटली नाही. कमलिनीबाईंची गाठ ओढली की सुटते, आणि त्यावरून त्यांनी जन्मभर टोमणे खाल्ले आहेत.

त्या आपली ट्रंक आणायला खाली जातात. ती तेवढीच आहे, तशीच हिरवी. वर आणून ठेवायला बघतात तर एवढ्या मोठ्या खोलीत जागा एवढी एकच दिसते, जिथे पहिली ठेवली ती. त्या ठेवतात. ठेवताना आवाजही होत नाही. वाकून बघतात, खाली काहीच नाही.

वन्सं टेबलाशी बसून हजेरी घेत आहेत, कारण खोलीत आता बाकं आहेत आणि बाकांवर मुली, निळे फ्रॉक, तेल लावून चापून बसवलेले केस. प्रत्येकीच्या हातात एक एक कागद आहे. कमलिनीबाई दाराशी उभ्या, हातात उलथनं. ते कुठे ठेवावं त्यांना कळत नाही.

"पाठ चौथा," वन्सं म्हणतात.

एक मुलगी उभी राहते आणि वाचते, लिंबाचं गोड लोणचं, पंचवीस लिंबं, पुसून कोरडी करावीत.

"पाठ नववा."

"बाई, माझ्या पानावर भाजणी आहे."

मुली हसू दाबतात. नवव्या पाठाची मुलगी हसत नाही. ती कागद उलटा करून मागे बघते, पुन्हा सुलटा करते. वन्सं चष्मा लावून कागद हातात घेतात, नीट वाचतात. "धणे जास्त सांगितलेस," त्या म्हणतात. "तुझा हात नेहमीच चिमूटभर पुढे." आणि कागद परत देतात, एखाद्या मुलीला तिची वही द्यावी तसा. मुलगी खाली बसते. कमलिनीबाईंना वाटतं, रागवावं यांनी. एकदा रागवून मोकळं व्हावं. पण वन्सं बोटानं पुढचं नाव शोधत आहेत.

"पाठ सतरावा."

कोणी उभं राहत नाही.

"सतरावा कुठे आहे?"

ती दाराबाहेर आहे. दहा वर्षांची, दोन वेण्या, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. कमलिनीबाई तिला म्हणतात, आत ये गं. ती मान हलवते. बाईंनी बाहेर उभं राहायला सांगितलंय, असं म्हणते. तिच्या हातातल्या कागदावर मेथीचे लाडू आहेत. मेथी तुपात भिजवून ठेवावी, हे कमलिनीबाईंना इथूनही वाचता येतं, कारण ते त्यांनीच लिहिलं आहे.

आणि स्वयंपाकघरात संध्याकाळ आहे. वन्सं ओट्याजवळच्या खुर्चीवर, मांडीवर कागद नाही काही नाही; कॉम्प्युटरवर लिहून आल्या की त्या तोंडपाठ म्हणून दाखवायच्या. कमलिनीबाई चटणीचं खोबरं काढत आहेत. हो, हं, छान, म्हणत आहेत. त्यांना आपलं वाटायचं, कौतुकाची पानं असतील. म्हातारपणी शिक्षक विद्यार्थ्यांचं कौतुकच करतात.

"हसीना मुजावर," वन्सं म्हणत आहेत. "रोज उशिरा यायची. धाकट्या चार भावंडांना आंघोळी घालून यायची, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. तीन दिवस मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. चौथ्या दिवशी..."

कमलिनीबाईंचा हात मिक्सरच्या बटणावर आहे. त्यांना दिसतं आहे की तो आहे. नको, असं त्या मनात म्हणतात, आणि हात बटण फिरवतो. वन्संचे ओठ हलत राहतात. खोबरं गरगर फिरतं. ओठ थांबतात तेव्हाच मिक्सर थांबतो.

"छान लिहिलंय," कमलिनीबाई म्हणतात. तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या.

"छान?" वन्सं त्यांच्याकडे बघतात. "कमल, त्या एकेचाळीस मुली हुशार म्हणून नाही निवडल्या मी. माझ्या हातून ज्यांच्यावर अन्याय झाला, त्या आहेत त्या. कोणाला उगाच मारलं, कोणाला चोर म्हटलं. चौतीस वर्षांत एकेचाळीस आठवल्या. तोंडानं माफी मागायची हिंमत नव्हती म्हणून लिहिली."

नळ ठिबकतो आहे. कमलिनीबाईंना आपल्या हातांचं काय करावं ते सुचत नाही. त्या म्हणतात, की कुकर लागला होता, वहीत तसं लिहिलं नव्हतं, मी आधी तुमचंच हलवलं होतं वन्सं, मान म्हणून. हे सगळं त्यांना स्वतःलाच ऐकू येतं, आणि प्रत्येक कारण मागच्याहून लहान होत जातं.

"गेलं ते गेलं," वन्सं म्हणतात. "बिऱ्हाड हलवताना काहीतरी फुटतंच. पण मी लिहिलंच नाही, असं का सांगितलंस?"

कमलिनीबाई नळ घट्ट करायला जातात.

"सांग."

"या घरात मला सगळे वेंधळी म्हणायचे," कमलिनीबाई सांगतात. "तुम्हीसुद्धा. क्लासमध्ये पहिल्यांदा मी तुमच्या आधी पास झाले. ते एवढं एकच होतं माझ्याजवळ."

"म्हणून मला माफी न मागताच ठेवलंस," वन्सं म्हणतात. आवाजात राग नाही. त्या उठतात, जवळ येतात, कमलिनीबाईंच्या पदराचं टोक हातात घेतात. विसरू नये म्हणून गाठ मारतात, तसं. त्यांची बोटं थरथरत नाहीत. पदर ओढला जातो, घट्ट होतो. दारात ती ओल्या बाह्यांची मुलगी अजून उभी आहे.

"जाताना मागे वळून विचारायचं असतं, काही राहिलं का," वन्सं म्हणतात. "तू विचारलं नाहीस. विचार आता."

कमलिनीबाई विचारायला तोंड उघडतात आणि पंखा कटकट करतो.

चार वाजले आहेत. उशी ओली आहे. भिंतीवर ऊन आडवं झालेलं. त्या उठून बसतात आणि पदर सारखा करायला जातात, तर टोकाशी बोटांना काहीतरी टणक लागतं. त्या तिकडे बघत नाहीत. आधी फोन घेतात, कारण आता बघत बसलं तर धीर जाईल, हे त्यांना स्वतःबद्दल ठाऊक आहे.

हसीना फोन उचलते. मागे मुलींचा गलका आहे, शाळा सुटायची वेळ. कमलिनीबाई सांगतात. लिहिलं होतं, एकेचाळीस पानं होती, ती मी घालवली, आणि तुला तीनदा खोटं सांगितलं. कुकरचं त्या सांगत नाहीत.

दार लावल्याचा आवाज येतो, गलका मागे पडतो. मग हसीना विचारते, "त्यात मी होते?"

"सतरावी."

"काय लिहिलं होतं?"

कमलिनीबाई शब्दाला शब्द सांगतात. उशीर, भावंडांच्या आंघोळी, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही, तीन दिवस बाहेर. "चौथ्या दिवशी," असं म्हणून त्या थांबतात. "पुढचं मी ऐकलं नाही गं. त्या म्हणून दाखवत होत्या आणि मी मिक्सर लावला."

"चौथ्या दिवसाचं मला माहीत आहे," हसीना हळू म्हणते. "मी तिथेच होते ना. पण बाईंनी ते कसं लिहिलं असेल, ते आता कळायचं नाही."

"नाही," कमलिनीबाई म्हणतात.

"मग काय छापू, काकू?"

"लिहिलं होतं, असं छाप. माफी म्हणून लिहिलं होतं, असं छाप. आणि ते कोणी घालवलं तेही. नाव माझं पूर्ण घाल, कमलिनी गजानन सबनीस."

हसीना नको म्हणेल असं त्यांना वाटतं. म्हणावं असंही एक मन म्हणतं, आणि त्या मनाची त्यांना लाज वाटते.

"घालते," हसीना म्हणते.

फोन ठेवल्यावर त्या कॉटवर तशाच बसून राहतात. मग पदराचं टोक उजेडात धरतात. गाठ बारीक आहे, दोनदा ओढलेली. त्या नखानं बघतात, मग दातानं. सुटत नाही. ती निरगाठ आहे, आणि कमलिनीबाईंना निरगाठ घालता येत नाही, कधीच आली नाही.